काकूचं मत

गेल्या दिवाळीनंतर अंबाजोगाईच्या आमच्या वाड्यात भाऊबंदांची बैठक बसली. ढेळजेत, म्हणजे दारातून आत आल्याबरोबरच्या पडवीत, सतरंजी अंथरलेली, तिच्यावर बिल्डरच्या माणसानं आणलेला नकाशा, आणि नकाशाची गुंडाळी होऊ नये म्हणून चारी कोपऱ्यांवर चहाचे कप. रस्त्याला लागून गाळे, वर तीन मजले, लिफ्ट, पार्किंग, प्रत्येक वाटेकऱ्याला एक फ्लॅट. पुण्याचा चुलतभाऊ बोलला, संभाजीनगरचा बोलला, अमेरिकेतला व्हिडिओवरून बोलला, मीही बोलले. सगळ्यांचा सूर जवळजवळ एकच. असा सागवान आता कुठं मिळतो, असे खांब कोण घडवतो, काहीतरी करून हे वाचवलं पाहिजे. बिल्डरचा माणूस समजूतदारपणे मान हलवत होता. असली भाषणं त्यानं गल्लोगल्ली ऐकलेली असणार. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. वाड्यात आज राहणारी ती एकटीच. बऱ्याच उशिरा कुणाच्या तरी लक्षात आलं आणि तिला विचारलं, "काकू, तुझं काय मत?" तिनं हातातली पाकळी पूर्ण सोलली, मग म्हणाली, "पाडा की. मी हाय तवर पाडा, म्हंजे घरात संडास असल्यावर कसं वाटतंय ते मलाबी कळंल. तुम्ही सगळे वाचवा म्हणूलालाव. ऱ्हाणार कोण हितं?"

बैठक पुढं तासभर चालली, पण माझं लक्ष उडालं होतं. वाचवा म्हणणारे सगळे बाहेर राहणारे आणि पाडा म्हणणारी एकटी आत राहणारी. पुण्याला परतताना रात्रभर बसमध्ये झोप लागली नाही, ती काही फक्त रस्त्यामुळं नाही.

आमचा वाडा माळवदाचा. मराठवाड्यात उन्हाळा काढलेल्या माणसाला माळवद समजावून सांगायला नको. सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, त्यावर काटक्यांचा आणि पाल्याचा थर आणि सगळ्यात वर मातीचा जाड थर. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीपार असताना मधल्या खणात उघड्या फरशीवर पालथं पडलं की पोटाला गार लागायचं. वरच्या सवण्यातून, म्हणजे छपरातल्या झरोक्यातून, उजेडाचा एक खांब खाली उतरायचा आणि दिवसभर फरशीवरून सरकत देवघरापर्यंत जायचा. आजी त्यावरून वेळ सांगायची. संध्याकाळी माळवदावर पाणी शिंपडायचं, मातीचा वास उठायचा, अंथरुणं पडायची. गल्लीतली सगळी माळवदं एकमेकांना लागून, त्यामुळं उड्या मारत मारत पार टोकाच्या घरापर्यंत जाता यायचं आणि त्यांच्या वाळवणातल्या कुरडया खाऊन परत येता यायचं. यातलं काहीच मी वाढवून सांगत नाही.

पण त्याच माळवदाला दर साली मृगाच्या आत पांढरी माती लागायची. आधी गाढवांवरून गोण्या यायच्या, पुढं ट्रॅक्टरनं. माती शिडीवरून वर चढवायची, पसरायची, ओलवायची, चोपायची. मातीचे पैसे काका द्यायचे. चोपायला काकू आणि गल्लीतल्या दोघी. एवढं करूनही पहिल्या मोठ्या पावसात कुठंतरी गळायचंच, आणि मग रात्री-अपरात्री घागर, परात, पातेलं, हाताला येईल ते थेंबाखाली. श्रावणात माळवदावर गवत उगवायचं, ते वेळच्या वेळी उपटलं नाही तर मुळं पाटापर्यंत जातात. तुळयांना वाळवी. कडीपाटाच्या फटीतून कधी माती गळायची, कधी विंचू. काकूला तो दोनदा चावलेला आहे, एकदा तर ताट वाढता वाढता. संडास परसाच्या पार टोकाला, मध्ये उघडं अंगण. पावसाळ्याच्या रात्री सत्तरी ओलांडलेल्या बाईनं एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन त्या निसरड्या फरशीवरून जायचं. आम्हा भावंडांच्या आठवणीत सवण्यातला उजेड आहे. काकूच्या आठवणीत त्या सवण्यातून आत येणारा पाऊस आहे, त्यावर पत्रा झाकायला वर कोण चढणार हा प्रश्न आहे.

ही पांढरी माती यायची कुठून, याचा लहानपणी कधी विचार केला नव्हता. ती यायची पडक्या गढीतून, नाहीतर गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडातून. म्हणजे जिथं पूर्वी वस्ती होती तिथून. धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे गोरोबाकाकांचं गाव. सातवाहनांच्या काळात तेच तगर म्हणून परदेशापर्यंत ठाऊक होतं. तिथल्या पांढरीतून लोक माती उकरायचे आणि मातीबरोबर मणी निघायचे, भाजलेल्या मातीच्या मूर्ती निघायच्या, हस्तिदंती बाहुली निघाली. रामलिंगप्पा लामतुरे यांनी हे सगळं आयुष्यभर गोळा केलं. आज तेरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयाला त्यांचंच नाव आहे. मी ते बघायला गेले तेव्हा काचेच्या पेटीतल्या त्या वस्तूंपेक्षा मला आमचं माळवद जास्त आठवत राहिलं. कुणाच्या तरी पडलेल्या घराची माती आमच्या डोक्यावर होती. आणि गढ्यांचं तर सांगायलाच नको. १९४८च्या पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, मग वतनं गेली, देशमुख-देशपांडे तालुक्याच्या गावी, शहरात गेले. मागं राहिलेल्या गढ्या पावसात विरघळल्या आणि उरल्यासुरल्या ट्रॅक्टर-ट्रॅक्टरनं लोकांच्या माळवदांवर गेल्या. आमच्याकडं एक घर मोडून दुसरं शाकारायची रीत फार जुनी. बिल्डरनं ती शोधून काढलेली नाही. फरक इतकाच की तेव्हा मातीच मातीवर जायची.

आणि मग किल्लारी.

मराठवाड्यातल्या जुन्या घरांबद्दल बोलताना ३० सप्टेंबर १९९३ टाळून पुढं जाताच येत नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला दगडी भिंत दिसली की भक्कम वाटते. लातूर-धाराशिवच्या माणसाला ती दिसली की पहिल्यांदा दुसरंच काहीतरी आठवतं. गणपती विसर्जनाची रात्र, लोक मिरवणुकीहून येऊन नुकते आडवे झालेले, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. बहुतेक झोपेत, आपल्याच घराच्या दगड-मातीखाली. किल्लारी आमच्यापासून लांब, मध्ये अख्खा लातूर, तरी अंबाजोगाईत भांडी फळीवरून खाली आली होती. काका-काकू झोपायचे त्या खोलीच्या पश्चिमेकडच्या भिंतीला त्या रात्री पोट आलं. ते आजही आहे. आजही त्या भिंतीवरून हात फिरवला तर कळतं, कमरेच्या उंचीवर दगड आतून ढकलल्यासारखे पुढं आलेत. काकूनं तेव्हापासून त्या खोलीत पाठ टेकलेली नाही. काका गेले तेव्हा त्यांनाही तिथं ठेवू दिलं नाही, ओसरीवर ठेवा म्हणाली. आता अशा बाईला मी सागवानाचं काय सांगणार?

तरीही एक गोष्ट मला तिला सांगावीशी वाटत होती आणि ती बैठकीत नीट सांगता आली नाही. त्या भूकंपानंतर अभियंते गावोगाव फिरले तेव्हा त्यांना जागोजागी एक चमत्कारिक दृश्य दिसलं. भिंती चारी बाजूंना कोसळलेल्या आणि मध्ये लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा. कारण खणाच्या घरात छपराचा भार मुळात खांबांवर असतो, भिंत नुसती आडोशाला. भिंत जाड दिसते पण ती असते दोन पदरांची. आत एक दगडी पदर, बाहेर एक, मध्ये चिखल आणि गोटे भरलेले. दोन पदर एकमेकांना धरून नसले की हादऱ्यानं वेगळे होतात, तेच ते पोट. वर माळवदावर वर्षानुवर्षं मातीवर माती चढवलेली, तिचं वजन कुणी कधी मोजलेलं नसतं. उपाय त्या वेळीच सांगितले गेले होते. माळवदावरची जास्तीची माती उतरवा, पातळ थर ठेवा आणि पाणी अडवायला मध्ये प्लॅस्टिकचा कागद घाला. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड बसवा म्हणजे दोन्ही पदर बांधले जातात. खांब आणि तुळई जिथं मिळतात त्या कोपऱ्यात तिरके आधार मारा. भिंतीला वरून पट्टा घाला. यातलं काहीच गवंड्याच्या आवाक्याबाहेरचं नाही. सरकारी योजनेत लाखावर घरं अशी जागच्या जागी दुरुस्त करायची ठरली होती, पण अनेक ठिकाणी लोकांनी अनुदान घेतलं, जुन्या घराला हात लावला नाही आणि पुढं स्लॅबची एक खोली बांधली. त्यांना कोण हसणार? ज्यानं शेजाऱ्याला ढिगाऱ्यातून काढलंय त्याला दगडाची भिंत दुरुस्त होते हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं, आणि दाखवलेली घरं थोडी होती. पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी उठून गेली. सरळ रस्ते, सारखे प्लॉट. घरं सुरक्षित झाली, मात्र एका ओसरीवरून दुसऱ्या ओसरीवर आवाज द्यायची सोय राहिली नाही, असं तिकडं सासर असलेली माझी मैत्रीण सांगते.

मराठवाड्यात जुनी घरं टिकतच नाहीत असंही नाही. पैठणला एकनाथांचा वाडा आहे. तेरला गोरोबांचं घर दाखवतात. आमच्या अंबाजोगाईत दासोपंतांचं थोरलं देवघर, धाकटं देवघर आहे आणि ज्या कापडावर त्यांनी पंचीकरण हा ग्रंथ लिहिला ती पासोडी चारशेच्या वर वर्षं झाली तरी गावात आहे. राहणारा संत झाला की घर वाचतं, असा आमच्याकडं अलिखित नियम दिसतो. त्यात भक्ती आहेच, पण मला त्याहून मोठं कारण वाटतं ते कामाच्या वाटणीचं. नाथांच्या वाड्यातला तो रांजण, ज्यात श्रीखंड्यानं पाणी भरलं म्हणतात, तो तुकाराम बीजेपासून भरायला लागतात. येणारा प्रत्येक जण एक घागर ओततो आणि रांजण ओसंडला की देव आला. एका माणसानं, एका बाईनं भरायचा असता तर हा रांजण कधीच कोरडा पडला असता. आमच्या वाड्यात पाणी ओतणारे हात कमी होत होत दोन उरलेत, आणि त्या हातांना संधिवात आहे.

वाडा सगळ्यांचा वारसा आहे हे म्हणतानाही माझी जीभ जरा अडखळते. शाळेत माझ्याबरोबर एक मैत्रीण होती, वेशीपलीकडच्या वस्तीतली. अभ्यासाला यायची ती ढेळजेतच बसायची. आत ये असं कुणी तिला म्हटलं नाही आणि येऊ नको असंही कुणी म्हटलं नाही, म्हणायची गरज नव्हती, ढेळजेची पायरी ते काम करायची. आजी तिला पाणी द्यायची ते वरून, ओंजळीत. ती आता नांदेडला शिक्षिका आहे. वाडा पाडायचं चाललंय हे तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मला बाई तुमची ढेळजच माहीत. बाकीचा वाडा कसा होता ते तू सांगशील तेच खरं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला उत्तर द्यायला सोपं गेलं असतं.

दरम्यान लाकडाचे व्यापारी येऊन जातात. मोटरसायकलवरून गल्लीत हळूहळू फिरतात, दाराच्या चौकटीकडं बघतात आणि आजोबा आहेत का म्हणून विचारतात. आमच्या शेजारच्या वाड्याचा दिंडी दरवाजा असाच गेला, पितळी कड्यांसकट. घर राहिलं आणि दार गेलं, त्या जागी आता लोखंडी शटर आहे. असे दरवाजे पुढं फार्महाऊसला, हॉटेलांना लागतात. पुण्यात मी एका हॉटेलात असा दरवाजा टेबल झालेला पाहिलाय, वर काच टाकलेली, खाली कोरलेली वेल, आणि वेलीत कुणाची तरी सांडलेली चटणी. भाऊ म्हणाला, निदान लाकूड तरी वाचलं. मला ते पटलं नाही, आणि का पटलं नाही ते नीट मांडताही आलं नाही.

कायद्याचा आधार घ्यावा म्हटलं तर तो राजवाडे, लेणी आणि वेशींसाठी विणलेला आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम नाही आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, म्हणजे स्मारकाशेजारच्या घराला खिडकी काढायची तरी धाकधूक. खुद्द घर वारसा यादीत घालता येतं, श्रेणी ठरते, बांधायचा जो हक्क बुडतो त्याच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळू शकतो. मुंबईत टीडीआर म्हणजे पैसा. अंबाजोगाईत तो विकत घेणार कोण? आमची गल्ली नऊ मीटरची नाही, त्यामुळं जादा एफएसआय, म्हणजे जागेच्या मानानं जास्तीचं बांधकाम, नाही, म्हणून बिल्डरला शेजारचे दोन वाडेही हवेत. एक वाडा कधी एकटा पडत नाही. संभाजीनगरला जुन्या शहरात रस्ता रुंदीकरण झालं तेव्हाचं मला आठवतं. घरं रस्त्याच्या रेषेत सरळ कापलेली, आणि उघड्या पडलेल्या आतल्या भिंतीवर निळीचा रंग, एक कोनाडा, कोनाड्यात दिव्याची काजळी, खाली पोरांची उंची मोजलेल्या पेन्सिलच्या रेघा. बावन्न दरवाजांचं शहर म्हणून मिरवणाऱ्यांनी त्या दरवाजांना निदान रंग तरी दिला. कोनाड्यांची यादी कुणी केली नाही, ती करता येते असंही कुणाला वाटलं नाही.

कागदपत्रांचा पेटारा उघडला तेव्हा वाड्याचं खरेदीखत उर्दूत निघालं, साल १३३२ फसली, म्हणजे आपलं १९२२-२३. गल्लीतल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी ते चष्मा पुसत पुसत वाचून दाखवलं. चारी दिशांच्या हद्दी, उत्तरेला एका कासाराचं घर, परसातली विहीर दोघांत सामाईक. विहीर केव्हाच बुजली, तिच्यावरच तो संडास आहे. खतात एकाही बाईचं नाव नाही. आता मात्र २००५च्या दुरुस्तीनंतर मुलीही वाटेकरी, म्हणून आत्यांच्या, माझ्या, बहिणीच्या सह्या लागणार आहेत. आयुष्यात पहिल्यांदा या घराबद्दल कुणी माझी सही मागतंय, तीही ते पाडण्यासाठी. काकूचं नाव काकांच्या जागी लागायचंय, तो अर्ज अजून टेबलावरून टेबलावर फिरतो आहे. तोवर कागदोपत्री तिचं मत मोजलंच जात नाही.

शेवटी संभाजीनगरच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना वाडा दाखवला. त्यांनी खांब ठोकून बघितले, तुळईच्या टोकांत सुई घालून बघितली, माळवदावर एक खड्डा खणून मातीचा थर मोजला. दोन फुटांच्या वर निघाला. पुढचा अर्धा भाग, ढेळज, ओसरी, मधला चौक, चांगला आहे म्हणाले. पश्चिमेची भिंत उतरवून पुन्हा बांधावी लागेल. मागचा भाग वाचवण्यात अर्थ नाही, तिथं हवं तर दोन मजले नवे चढवा. खर्चाचा आकडा मी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पूर्वजांची आठवण म्हणणाऱ्यांपैकी एकानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं, एकानं 'बोलू सविस्तर' लिहिलं, अमेरिकेतला अजून वाचतोच आहे. काकूला फोनवर सगळं सांगितलं. पश्चिमेची भिंत उतरवणार म्हटल्यावर ती थोडा वेळ बोलली नाही. मग तिनं अटी सांगितल्या. स्वयंपाकघराला रस्त्याकडं खिडकी पाहिजे, इतकी वर्षं भिंतीकडं तोंड करून भाकरी थापल्या. माळवदावर चढायला जिना, शिडी नको. आणि संडास आधी. बाकीचं ठरायचं तवा ठरंल, आधी संडास.

तेवढ्याचे पैसे आम्ही दोघी बहिणींनी पाठवले. खोली मधल्या चौकाच्या कडेला निघतेय, ओसरीवरून चार पावलांवर. वारसा जपणारे तज्ज्ञ कदाचित नाक मुरडतील, कारण तिथली एक जुनी देवळी बुजवावी लागली. काम आता पाइपवर अडलंय. प्लंबर म्हणतो उतार एकाच बाजूनं मिळतो आणि पाइप तुळशीवृंदावनाखालून न्यावा लागेल. काकू म्हणते तुळशीखालून संडासाचा पाइप जाणार नाही, आणि वृंदावनही हलणार नाही. काल दुपारी तो हत्यारं तिथंच ठेवून जेवायला गेला, अजून आलेला नाही. मी इथून दोघांनाही फोन लावते आहे.